अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शोधात पंधरा महिने

३१ मे २०२३ रोजी मी एका माध्यमिक शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्यांचा दूरध्वनी आला. मुंबईतील एका संग्रहालयाच्या अभिरक्षक अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या एकोणिसाव्या शतकातील नकलांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यांना चित्रातले कळणारी, जुने इंग्रजी हस्ताक्षर चिकाटीने वाचणारी आणि आठवड्यातले चार दिवस देऊ शकणारी मदतनीस हवी होती. माझ्याकडे कलेच्या इतिहासाची पदवी नव्हती आणि अभिलेखागाराच्या दारातून मी कधी आत गेले नव्हते. होकार देण्याआधी मी चार दिवस विचार केला. हे काम आता पूर्ण झाले आहे. असे काम समोर आल्यावर माझ्यासारखेच बिचकणारे आणखी कोणी असतील, म्हणून ते कसे चालते हे क्रमाने लिहून ठेवते.

विषय आधी थोडक्यात सांगायला हवा. १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली, त्यानंतर तिथल्या चित्रांच्या नकला करून घेण्याचे मोठे प्रयत्न झाले. पहिला प्रयत्न रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याचा. १८४४ मध्ये त्याची नेमणूक झाली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तो हे काम करत राहिला. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत जळाल्या. दुसरा प्रयत्न मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि मध्ये खंड पडूनही हे काम १८८५ पर्यंत चालले. कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या सुमारे तीनशे नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे गेल्या. त्यांतील अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या आणि उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचे मोठ्या आकाराचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अजिंठ्याच्या नकला म्हटले की तेव्हापासून त्यांचेच नाव घेतले जाते. प्रत्यक्ष लेण्यांत उभे राहून ब्रश चालवणाऱ्या मुलांपैकी पुढे नामांकित चित्रकार झालेले पेस्तनजी बमनजी अभ्यासकांना ठाऊक आहेत. बाकीची मुले कोण होती, कुठून आली आणि पुढे काय करू लागली, हे कागदपत्रांतून जितके शोधता येईल तितके शोधणे हे माझे काम होते.

१० जुलै २०२३ रोजी करारावर सही झाली. दहा महिने, दरमहा १५,००० रुपये मानधन, प्रवासखर्च पावत्यांप्रमाणे. मानधनातून दहा टक्के करकपात होत असल्याने हातात १३,५०० रुपये येत. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे. कपातीचे प्रमाणपत्र मागून घेतले आणि वेळेवर विवरणपत्र भरले, तर अडचण येत नाही. करारात मी एक वाक्य आग्रहाने घालून घेतले होते, ते म्हणजे पुस्तकात माझा उल्लेख ‘संशोधन साहाय्य’ म्हणून होईल. आपण शोधायला निघालो होतो ती मुले नेमकी असा उल्लेख न झाल्यानेच हरवली होती, म्हणून हे वाक्य मागताना मला संकोच वाटला नाही. अभिरक्षक मॅडमनीही ते लगेच मान्य केले.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला पेन बाजूला ठेवायला सांगून चार शिसपेन्सिली दिल्या, कारण जुन्या कागदांजवळ शाईला मज्जाव असतो. त्यानंतर त्यांनी पोस्टकार्डाच्या आकाराच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. एका कार्डावर एकच उल्लेख लिहायचा. त्यात नाव कागदावर जसे असेल तसेच, चूक दिसली तरी न सुधारता उतरवायचे. कोणत्या विभागाचा, कोणत्या वर्षाचा, कितवा खंड आणि कोणते पान, हे आधी लिहायचे आणि मजकूर नंतर. कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख. हे सारे संगणकावर का करायचे नाही, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “संगणकावरही करूच, पण कार्डे टेबलावर पसरता येतात.” याचा अर्थ मला डिसेंबरमध्ये कळला.

मुंबई इलाख्याच्या शासनाची कागदपत्रे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत आणि त्याचे मुंबईतील कार्यालय काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. २४ जुलैला मी अर्ज दिला. सोबत संग्रहालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि विषयाचे अर्ध्या पानाचे टिपण होते. ९ ऑगस्टला परवानगी हाती आली. हे टिपण विचारपूर्वक लिहिणे फार महत्त्वाचे आहे, हे सगळ्यांना सांगावेसे वाटते. मी आधी नुसते ‘अजिंठ्याच्या नकला’ असे लिहिले होते. मॅडमनी त्याऐवजी ‘शिक्षण विभाग व सामान्य विभाग, १८७० ते १८९०, जे. जे. स्कूल ऑफ आर्टसंबंधीचा पत्रव्यवहार’ असे लिहायला लावले. विषय मोघम लिहिला तर नेमके काय काढून द्यायचे, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सांगता येत नाही.

वाचनकक्षातले पहिले तीन आठवडे मला फार जड गेले. आधी वर्षवार सूची मागवायची, सूचीत विषयाचा शब्द शोधायचा, त्यावरून खंडाचा क्रमांक काढायचा, मागणीचिठ्ठी भरायची आणि खंड येईपर्यंत थांबायचे. आलेला खंड जाड, कडा ठिसूळ झालेल्या पानांचा असे आणि त्यात आपल्या कामाचे कधी एकच पान निघे, कधी तेही नाही. सूचीतला शब्द आपल्या मनातला नसतो, ही मोठी अडचण होती. अजिंठा हा शब्द तेव्हाच्या इंग्रजी कागदांत निरनिराळ्या प्रकारे लिहिला जाई. कधी तो ‘लेणी’ या शब्दाखाली येई, कधी ‘कला शाळा’ या शब्दाखाली आणि कधी खर्चाच्या मंजुरीत. कला शाळेच्या नोंदींनी काही दिवसांत हात टेकल्यावर मी खर्चाकडे वळले आणि तिथे मला वाट सापडली. शासनाला कलेपेक्षा हिशेबाची चिंता अधिक असते. कॅनव्हास, रंग, बैलगाड्या, तंबू, विद्यार्थ्यांचा भत्ता यांची मंजुरी मागणारे प्रत्येक पत्र कोणीतरी जपून ठेवलेले असते. ज्याला भत्ता द्यायचा त्याचे नाव लिहावेच लागते. इतिहासातल्या लहान माणसांना शोधायचे असेल तर त्यांना दिलेल्या पैशाच्या मागे जावे, असे मी आता कोणालाही सांगेन.

हस्ताक्षराची सवय व्हायला महिना लागला. एकाच लेखनिकाची पाच-सहा पत्रे सलग वाचली की त्याच्या अक्षराची वळणे ओळखू येतात, म्हणून मी दिवसभरात वेगवेगळ्या माणसांची पत्रे वाचणे टाळू लागले. जो शब्द लागत नसे त्याच्या जागी चौकटी कंस करून पुढे जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी परत पाहायचे. छायाप्रत हवी असेल तर वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क असते, म्हणून ज्या पानाचा फोटो पुस्तकात घ्यावा लागेल अशीच पाने निवडावीत. बाकी सारे मी हाताने उतरवले. डोंबिवलीहून सकाळची गाडी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चालत काळा घोडा आणि सायंकाळी परत, असे ऑगस्ट ते नोव्हेंबर चालले. पावसात तीन दिवस गाड्या बंद होत्या, तेवढेच खाडे झाले.

ज्या दिवशी काही सापडले नाही त्या दिवसाचीही नोंद ठेवावी. कोणता खंड पाहिला, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत पाहिला आणि काही आढळले नाही, हे लिहून ठेवले नाही तर सहा महिन्यांनी तोच खंड पुन्हा मागवण्याची वेळ येते. माझ्यावर दोनदा आली.

नोव्हेंबरपासून ग्रंथालयांची पाळी आली. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, शाळेच्या बक्षिसांच्या याद्या, त्या काळची वृत्तपत्रे आणि मराठी मासिके पाहायची होती. एका ग्रंथालयात मला हवी असलेली नियतकालिकाची बाडे बांधणीला गेली होती आणि ती परत यायला सात आठवडे लागले. त्याबद्दल आधी कळले असते तर मी कामाचा क्रम बदलला असता. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी जाण्यापूर्वी खंडाचा क्रमांक कळवून तो उपलब्ध आहे का, हे विचारून घेऊ लागले. मराठी मासिकांनी या बाबतीत माझी निराशा केली, हे खेदाने लिहिते. चित्रकलेविषयी मजकूर थोडा होता आणि जो होता त्यात शाळेचे, साहेबांचे आणि देणगीदारांचे कौतुक अधिक होते.

खरे अवघड प्रकरण नावांचे होते. त्या काळच्या कागदांत विद्यार्थ्याचे नाव बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे एवढेच असते, आडनाव नसते. त्यातून इंग्रज लेखनिक जसे कानावर पडेल तसे लिहीत. जगन्नाथ, नारायण, सखाराम ही नावे तर घरोघरची. एकच नाव वर्षभराच्या अंतराने दोन वेगळ्या स्पेलिंगांनी आले की ती दोन माणसे की एक, हे ठरवायचे कसे? आणि अगदी एकसारख्या स्पेलिंगने आले, तरी तो एकच माणूस असेल याची काय खात्री?

याच ठिकाणी माझी मोठी चूक झाली. डिसेंबरच्या मध्यावर मी एका विद्यार्थ्याचे संपूर्ण चरित्र जुळवले आहे, असे मला वाटू लागले. शिष्यवृत्ती मिळाली, अजिंठ्याला दोन हिवाळे काढले, बक्षीस मिळाले आणि पुढे जिल्ह्याच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून नेमणूक झाली. शेवटची नोंद सापडली त्या दिवशी मला घरी जाईपर्यंत दुसरे काही सुचले नाही. आपल्यासारखाच एक चित्रकलेचा शिक्षक दीडशे वर्षांपूर्वी पद्मपाणीसमोर उभा राहून आला होता आणि नंतर फळ्यावर फुलदाणी काढून दाखवत होता, या कल्पनेने मी भारावून गेले होते. मी चार पानांचे टिपण लिहून मॅडमना दिले. त्यांनी कार्डे टेबलावर तारखेप्रमाणे मांडली, बराच वेळ पाहिली आणि दोन कार्डांवर बोट ठेवले. एकाच वर्षाच्या एकाच महिन्यात हा मुलगा अजिंठ्याला भत्ता घेत होता आणि तिकडे हायस्कुलात पगारही घेत होता. “बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “हे दोघे आहेत.”

मला फार वाईट वाटले. चूक झाली यापेक्षा तो शिक्षक हातातून निसटला याचे. संगणकावर मी नाव शोधत होते, म्हणून सगळ्या नोंदी एकत्र येत होत्या आणि तारखा नजरेआड होत होत्या. कार्डे पसरल्यावर तारखा समोर आल्या. त्यानंतर आम्ही नियम केला की केवळ नाव जुळते म्हणून दोन नोंदी जोडायच्या नाहीत. वर्ग, गाव, शिफारस करणारा शिक्षक, शिष्यवृत्तीचे नाव यांपैकी निदान आणखी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. तोवर सारी कार्डे वेगळी राहतील. जानेवारीपर्यंत कार्डे चारशेच्या वर गेली होती आणि खात्रीने जोडता येणाऱ्या माणसांची संख्या या नियमामुळे उलट कमी झाली.

१६ ते १८ जानेवारी २०२४ असे तीन दिवस आम्ही अजिंठ्याला होतो. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे मंगळवारपासूनचे दिवस निवडले. रात्रीच्या गाडीने जळगाव, तिथून साठ किलोमीटर फर्दापूर, आणि फर्दापूरच्या फाट्यावरून आत जाण्यासाठी ठरावीक बसगाड्या असतात. राहणे, जेवण आणि प्रवास मिळून माझा खर्च ७,८०० रुपये झाला. त्यातल्या एका गाडीवाल्याने पावती दिली नाही, म्हणून ९०० रुपयांची भरपाई मिळाली नाही. पावती लगेच मागावी आणि तिच्यावर तारीख व प्रवासाचे ठिकाण लिहून घ्यावे.

लेण्यांत आमचे काम ग्रिफिथ्स यांच्या खंडांतली छापील चित्रे आणि नकलांचे फोटो भिंतींशी ताडून पाहण्याचे होते. ऐकायला हे सोपे वाटते. पहिलाच घोटाळा डाव्या-उजव्याचा निघाला. ‘लेणे क्रमांक १७, डावी भिंत’ असे लिहिलेले असते, पण ही डावी बाजू आत शिरणाऱ्याची की गाभाऱ्यातल्या मूर्तीची? निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे धरले आहे. आम्ही प्रत्येक लेण्याचा साधा आराखडा काढून दिशा लिहिल्या आणि पुस्तकभर आत शिरणाऱ्याच्या डाव्या-उजव्याचाच वापर करायचा, असे ठरवले. प्रकाश मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅश वापरता येत नाही, म्हणून आत गेल्यावर पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहावे. डोळे सरावल्यावर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे निळे कमळ आणि सोळाव्या लेण्यातल्या त्या मूर्च्छित राजकन्येची झुकलेली मान हळूहळू दिसू लागते. मी पूर्वी शाळेच्या सहलीबरोबर दोनदा येऊन गेले होते, पण तेव्हा मुले मोजण्यात सारे लक्ष होते.

या वेळी मी चित्रे पाहत होते ती नकला करणाऱ्या मुलांच्या बाजूने. मूळ काम भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ थर देऊन झाले आहे. रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि बाहेरून आणलेला लाजवर्द हा निळा दगड. हे सारे कोरड्या, न चमकणाऱ्या पृष्ठभागाचे काम आहे. ते पाहून तैलरंगात कॅनव्हासवर उतरवणे म्हणजे एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेणे. तैलरंगाला चकाकी असते, सावली गडद होते, कडा मऊ पडतात. ज्या मुलांना शाळेत ग्रीक पुतळ्यांचे ओतीव नमुने समोर ठेवून छायाप्रकाश शिकवला होता, त्यांना इथे जवळजवळ रेषेनेच उभे केलेले हात आणि बोटे काढायची होती. काही नकलांत बोटांना गोलाई देण्याचा मोह आवरलेला दिसत नाही. काहींत मात्र रेषा इतक्या विश्वासाने ओढली आहे की तिथे थांबून राहावे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकला करणाऱ्यांनी भिंतींवर व्हार्निशही लावले होते. ते पुढे पिवळे पडले आणि काही ठिकाणी थरच ओढला गेला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांना त्याचा बराच बंदोबस्त करावा लागला. विद्यार्थ्यांविषयी कितीही जिव्हाळा वाटत असला तरी हे लिहिलेच पाहिजे, यावर मॅडमचे आणि माझे एकमत होते.

आमचे मतभेद दुसऱ्या गोष्टीवर झाले. एकतीस वर्षे मी मुलांच्या चित्रवह्या तपासल्या आहेत आणि नाव न पाहता वही कोणाची हे मला सांगता येत असे. त्या बळावर मी दोन नकला एकाच हाताच्या आहेत असे म्हणत होते आणि तो हात कोणाचा असावा हेही सुचवत होते. मॅडमनी ते छापायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की एका कॅनव्हासवर अनेकांनी काम केलेले असू शकते, शिक्षकाने वरून दुरुस्ती केलेली असू शकते आणि पुढच्या काळात डागडुजीही झालेली असू शकते. नुसत्या नजरेने दिलेले नाव पुस्तकात छापले की पुढचे लोक ते खरे धरून चालतात. मी दोन दिवस नाराज होते. पण डिसेंबरची ती दोन कार्डे मला आठवत होती. अखेर ‘या दोन नकलांतील बोटांची रचना एकमेकींशी जवळची आहे’ एवढेच वाक्य राहिले आणि ते मला आता योग्य वाटते.

परतताना आम्ही अजिंठा गावात गिलची स्थानिक प्रेयसी पारो हिची कबर पाहिली आणि पुढे भुसावळला थांबलो, कारण १८७९ मध्ये वारलेल्या गिलला तिथल्या दफनभूमीत पुरले आहे. गिल आणि पारोची गोष्ट लोक आवडीने सांगतात आणि ऐकतात. त्या दोघांना निदान दगड तरी मिळाला, एवढेच मला तिथे वाटत राहिले.

फेब्रुवारी ते जून हा काळ परवानग्यांचा. चित्रांच्या पुस्तकात लिहिण्यापेक्षा चित्रे छापण्याची परवानगी मिळवणे कष्टाचे असते, हे मला ठाऊक नव्हते. परदेशातल्या संग्रहालयांचे अर्ज संगणकावरून भरायचे असतात. त्यांत पुस्तकाची भाषा, प्रतींची संख्या, चित्र पाव पानाचे की पूर्ण पानाचे, मुखपृष्ठावर येणार का, कोणत्या देशांत विक्री होणार, ई-पुस्तक निघणार का, हे सारे विचारतात आणि त्यावर शुल्क ठरते. आम्ही अकरा चित्रे मागितली होती. एका ठिकाणी शुल्काचा आकडा पाहून प्रकाशकांनी सात करायला सांगितले. मग मी प्रतींची संख्या प्रत्यक्ष पहिल्या आवृत्तीइतकीच लिहून आणि तीन चित्रे पूर्ण पानाऐवजी पाव पानाची करून नवा अर्ज केला, तेव्हा नऊ चित्रे बसली. उत्तर यायला कधी चार दिवस लागले, कधी पाच आठवडे. स्मरणपत्र पाठवताना मूळ अर्जाचा क्रमांक विषयाच्या ओळीतच लिहावा. आमच्याकडच्या एका कार्यालयात अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा पत्रावर गोल शिक्का नव्हता आणि दुसऱ्यांदा शिक्का होता पण जावक क्रमांक नव्हता. अशा वेळी चिडण्यात वेळ जातो. मी तिसऱ्या खेपेला आधी फोनवर सगळ्या कागदांची यादी वाचून दाखवली आणि मगच गेले.

मे महिन्यात दहा महिन्यांची मुदत संपली आणि काम अर्धेच छापण्याजोगे झाले होते. संग्रहालयाने सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवली, पण त्या मंजुरीला पाच आठवडे लागले आणि तेवढ्या काळाचे मानधन जुलैमध्ये एकत्र मिळाले. घरखर्च निवृत्तिवेतनावर चालत असल्याने मला झळ लागली नाही. ज्यांचे घर अशाच कामावर चालते त्यांनी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी वाढीचा अर्ज देऊन ठेवावा.

जुलैपासून चित्रओळी (चित्राखालचा मजकूर), परिशिष्ट आणि सूची. चित्रओळ लिहिणे हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत समाधानाचे काम ठरले. नकला करणाऱ्याचे नाव आधी लिहायचे की ग्रिफिथ्स यांचे, यावर बरीच चर्चा झाली. १९०९ ते १९११ या काळात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याच्या नकला करायला आलेल्या नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांची नावे पुढच्या पुस्तकांत मानाने येतात, मग चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या मुंबईच्या मुलांनी काय केले होते, असा माझा प्रश्न होता. शेवटी जिथे कागदाचा आधार आहे तिथे विद्यार्थ्याचे नाव आधी, जिथे नाही तिथे ‘जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली’ असे लिहायचे ठरले. हा शब्दप्रयोग लांबलचक आहे आणि मांडणी करणाऱ्याने तो लहान करायला तीनदा सुचवले. मॅडमनी तिन्ही वेळा तो तसाच ठेवला.

परिशिष्टात विद्यार्थ्यांची यादी आहे. कागदावर आलेले नाव जसेच्या तसे, त्यापुढे त्याची इतर रूपे, मग वर्षे, मग आधार. आडनावाचा रकाना आम्ही ठेवला आणि बहुतेक ओळींत तो रिकामा राहिला. प्रकाशकांना तो काढून टाकायचा होता, कारण कोरा रकाना छपाईत चुकीसारखा दिसतो. मी तो ठेवण्याची विनंती केली. एखाद्या घरात पणजोबांची शिष्यवृत्तीची सनद किंवा जुना फोटो असेल आणि त्या घरातले कोणी ही यादी वाचेल, तर भरायची जागा त्यांना दिसावी, असे मी पत्रात लिहिले. रकाना राहिला.

हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तरही यादीत आहे. तो अजिंठ्याला गेला होता याचा पुरावा मिळाला नाही, म्हणून मुख्य यादीत नाही. त्याच्याशी नाव जुळणाऱ्या विद्यार्थ्याच्या ओळीखाली बारीक अक्षरांत टीप आहे: याच नावाची दुसरी व्यक्ती, शिक्षक. शेवटच्या मुद्रितात त्या टिपेतला स्वल्पविराम गळला होता, तो मी लाल पेन्सिलीने घातला आणि २८ सप्टेंबर २०२४ रोजी कार्डांचे दोन्ही खोके सूचीसह संग्रहालयाच्या ताब्यात देऊन पोच घेतली.